पाळीची हजेरी आणि माणसाचे खासगीपण

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील सुमारे ८,००० माणसे माळवदांच्या दगडमातीखाली गाडली गेली, आणि जी वाचली त्यांच्यापुढे पुढील काही महिन्यांत पंचनामे, याद्या, नकला आणि अर्ज यांचा एक अखंड सिलसिला येऊन उभा राहिला. पुनर्वसनाच्या त्या प्रचंड खटाटोपात ५२ गावे मूळ जागेवरून हलवून नव्याने वसविण्यात आली, आणि कोणत्या कुटुंबाला केवढे घर मिळावे हे यादीतील एका रकान्यावरून निश्चित झाले : भूमिहीनाला व एक हेक्टरपर्यंतच्या खातेदाराला २५० चौरस फूट, त्याहून अधिक जमीन असलेल्याला ४०० आणि सात हेक्टरांवरील खातेदाराला ७५०. सरकारी दप्तरात आपल्याविषयी लिहिलेला एक आकडा आपल्या छपराची लांबी-रुंदी ठरवू शकतो, हा अनुभव ज्या मुलखाने असा प्रत्यक्ष घेतला आहे, त्या मुलखातील माणसाला नोंदीचे सामर्थ्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नोंद तारते आणि नोंद बुडवतेही. ती कोणाच्या हाती आहे, कोणत्या कारणासाठी केली आहे आणि ज्याच्याविषयी केली आहे त्याला ती वाचता येते की नाही, यावर सारे अवलंबून असते.

आज याच मुलखात निराळ्या प्रकारची नोंद घराघरांत पोहोचली आहे. साखर कारखान्यातील पाळीचा कामगार, औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी मजूर, रुग्णालयातील परिचारिका, रोजगार हमीच्या कामावरील स्त्री, नगरपालिकेचा सफाई कामगार, या सर्वांची हजेरी आता कागदावरून उतरून मोबाइलमधील ॲपवर चढत आहे. मस्टर गेले आणि ॲप आले, एवढाच हा बदल असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु कामाचे तास मोजण्याच्या निमित्ताने कामगाराचा चेहरा, त्याच्या बोटाचा ठसा, त्याचा ठावठिकाणा, त्याच्या हालचालींचा माग अशा अनेक गोष्टी मालकाच्या किंवा मालकाने नेमलेल्या तिऱ्हाईत कंपनीच्या ताब्यात जात आहेत. आणि ज्या नोंदीवर कामगाराच्या पोटाचा हिशेब अवलंबून आहे, तिची साधी नक्कल मागण्याचा त्याचा अधिकार मात्र माहिती-संरक्षणाच्या नव्या कायद्यात निसटून गेला आहे. कामाच्या तासांची नोंद हा मुळात कामगाराने झगडून मिळविलेला हक्क आहे, तो मालकाच्या पाळतीचे साधन होऊ देता कामा नये, आणि त्यासाठी नोंद मोजकी, दोघांच्या हाती असणारी आणि मुदतीनंतर नष्ट होणारी असली पाहिजे, हे माझे प्रतिपादन आहे.

या हक्काचा इतिहास मराठी माणसाच्या परिचयाचा असावयास हवा, कारण तो बहुतांशी मुंबईच्या गिरण्यांत घडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीतील दिवस सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला मावळे. उन्हाळ्यात तो लांबे, हिवाळ्यात आखडे, आणि प्रौढ पुरुष कामगाराने किती तास राबावे याला कायद्याची मर्यादाच नव्हती. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या परिसरात गिरणी कामगारांच्या सभा भरवून फॅक्टरी कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या-अंगठे केले होते. आणि त्यातील मागण्या पाहिल्या तर ध्यानात येते की त्यांतील जवळजवळ प्रत्येक मागणी ही काळाच्या मोजमापाची मागणी होती. आठवड्याला एक रविवार सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहाला आरंभ आणि सूर्यास्ताला अखेर, आणि मागील महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुटीची मागणी मान्य झाली. प्रौढ पुरुष कामगाराच्या तासांना १९११ च्या कायद्याने प्रथमच मर्यादा घातली, आणि तीही दिवसाला बारा तासांची. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असण्याच्या काळात आठवड्याच्या ४८ तासांची तरतूद आकाराला आली आणि १९४६ मध्ये कायद्यात दाखल झाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने जादा कामाला दुप्पट दराने मजुरी ठेवली, आणि त्याबरोबर एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट केली : कामाच्या वेळांची सूचना कारखान्याच्या दर्शनी भागी, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावणे मालकावर बंधनकारक केले. नोंद मालकाने ठेवावी, परंतु ती कामगाराच्या डोळ्यांसमोर असावी, हे तत्त्व त्या तरतुदीत सामावलेले होते.

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हे तत्त्व कित्येक वर्षे मूर्त स्वरूपात वावरत होते. गाळप हंगामात पहाटे चारला भोंगा होई, रात्रपाळीचे लोक फाटकातून बाहेर पडत, पहिल्या पाळीचे आत येत, खिडकीपाशी टाइमकीपर हजेरी मांडत असे, आणि कामगाराच्या खिशात त्याचे स्वतःचे हजेरी कार्ड असे, ज्यावर भरलेले दिवस, खाडे आणि ओव्हरटाइमचे तास त्याला किंवा त्याच्या शाळकरी मुलाला वाचता येत. महिनाअखेरीस पगारपत्रकातील तास आणि कार्डावरील तास जुळले नाहीत तर कार्ड घेऊन खिडकीशी भांडता येत असे. त्या भांडणात कामगार दर वेळी जिंकत असे असे नव्हे, पण भांडावयास लागणारा कागद त्याच्यापाशी होता.

हा कागद हाती असण्याचे मोल न्यायालयात गेल्यावर कळते. औद्योगिक विवाद अधिनियमाप्रमाणे कामगाराने वर्षभरात २४० दिवस काम केले असेल तर त्याला सेवेतून काढताना कायद्याचे संरक्षण मिळत असे. परंतु हे २४० दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार मूलतः कामगारावरच आहे आणि त्याचे नुसते शपथपत्र त्यासाठी पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हदिमनी यांच्या प्रकरणात सांगितले. हंगामी कामगार, कंत्राटी कामगार, बदली कामगार यांच्यापैकी किती जणांजवळ दिवसांचा असा पुरावा असतो? सर्व हजेरी मालकाच्या संगणकात आणि कामगाराच्या हाती काही नाही, अशी व्यवस्था झाल्यावर ज्याने सिद्ध करावयाचे त्याच्यापाशी साधन नाही आणि ज्याच्यापाशी साधन आहे त्याला काही सिद्ध करावयाचे नाही, अशी विपरीत स्थिती उत्पन्न होते. युरोपात हाच प्रश्न एका स्पॅनिश कामगार संघटनेने एका मोठ्या जर्मन बँकेविरुद्ध नेला, तेव्हा युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी असा निर्णय दिला की रोजच्या कामाच्या तासांची वस्तुनिष्ठ, विश्वसनीय आणि सहज पाहता येणारी नोंद मालकाने ठेवलीच पाहिजे, कारण नोंद नसेल तर विश्रांतीचा आणि मर्यादित तासांचा हक्क केवळ शब्दांत उरतो. तेव्हा तास मोजण्याला माझा विरोध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. तास काटेकोर मोजले जावेत, मिनिटापर्यंत मोजले जावेत. माझा आक्षेप तासांखेरीज जे मोजले जाते त्याला आहे.

काय मोजले जाते ते एकदा जवळून पाहावे. नव्याने कामावर रुजू झालेल्या मजुराला सुपरवायझर सांगतो की हे ॲप मोबाइलवर घे, नाहीतर हजेरी लागणार नाही. ॲप उघडते आणि एकामागून एक परवानग्या मागते : कॅमेऱ्याची, फाइलींची, कधी संपर्कयादीची, आणि शेवटी ठावठिकाण्याची. या शेवटच्या परवानगीला फोनवर पर्याय असतात. ॲप वापरत असेपर्यंतच द्यावी, एकदाच द्यावी, मुळीच देऊ नये किंवा सर्व काळ द्यावी. पुष्कळशा हजेरी-ॲपांना सर्व काळाचीच परवानगी हवी असते, आणि रांगेत मागे वीस माणसे खोळंबलेली असताना, पहिल्या दिवसाचा खाडा पडू नये म्हणून जीव टांगणीला लागलेला असताना, तो मजूर सर्व प्रश्नांना होकार देऊन मोकळा होतो. त्या क्षणापासून तो कारखान्याच्या आवारात असो वा गावच्या पारावर असो, फोन खिशात असेल तोवर त्याचे अक्षांश-रेखांश ठराविक अंतराने दूरच्या एखाद्या सर्व्हरवर लिहिले जाऊ शकतात.

तो मजूर कोणत्या डॉक्टरकडे गेला, मुलीच्या सासरी किती वेळा गेला, दर्ग्यात गेला की मठात गेला, आणि विशेषतः संघटनेच्या बैठकीला गेला किंवा कामगार न्यायालयाची पायरी चढला, हे सर्व त्या बिंदूंच्या ओळीतून वाचता येते. मालक ते वाचेलच असे नाही. परंतु ते वाचता येते एवढ्या जाणिवेनेच माणूस बैठकीला जाताना दोनदा विचार करतो, आणि १९२६ पासून कायद्याने मान्य असलेला संघटनेचा हक्क कोणी हिरावून न घेताही क्षीण होतो. पाळीच्या कामगाराच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख या विषयावरील चर्चेत क्वचितच होतो. त्याचे पाळीपत्रक हेच मुळी नाजूक माहितीचे दप्तर असते. कोणत्या आठवड्यात तो रात्रपाळीला आहे हे ज्याला कळले, त्याला त्याच्या घरी कोणत्या रात्री कर्ता पुरुष नाही हेही कळले. एकटी राहणारी परिचारिका रात्री किती वाजता सुटते आणि कोणत्या रस्त्याने घरी जाते हे ज्याच्या पडद्यावर दिसते, त्याच्या हाती तिची सुरक्षितता आहे. अशी माहिती कंत्राटदाराच्या ताब्यात, कंत्राटदाराने नेमलेल्या ॲपवाल्याच्या ताब्यात, ॲपवाल्याने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, असा तिचा प्रवास होतो. पुढल्या साली कंत्राट बदलते, कंत्राटदार निघून जातो, आणि त्याने जमविलेले चेहरे, ठसे व ठिकाणे त्याच्याबरोबर जातात. हरवलेले हजेरी कार्ड नवे करून मिळते, परंतु बोटाचा ठसा एकदा भलत्या हाती गेला तर माणसाला दुसरे बोट कोठून आणता येणार?

या साऱ्याचा सर्वांत मोठा प्रयोग ग्रामीण भागात सरकारनेच केला आहे, आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तो विशेष अभ्यासनीय आहे, कारण रोजगार हमी ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात याच भूमीवर तावून-सुलाखून निघाली, वि. स. पागे यांनी तिला आकार दिला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला. बोगस मस्टर ही या योजनेची जुनी व्याधी. जी माणसे कामावर नाहीत त्यांची नावे चढवायची, अंगठे उठवायचे आणि पैसे वाटून घ्यायचे, हे दुष्काळी कामांवर सर्वांनी पाहिलेले आहे. त्यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये राष्ट्रीय मोबाइल देखरेख प्रणाली आणली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती देशभरच्या रोजगार हमीच्या (मनरेगा) कामांवर सक्तीची केली : मजुरांचे छायाचित्र दिवसातून दोन वेळा, ठिकाण आणि वेळेच्या खुणेसह, कामावरूनच ॲपवर चढवावयाचे. ही छायाचित्रे सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत. भर उन्हात खोदकाम आटोपून, अंगावरच्या धुळीसह ओळीत उभ्या केलेल्या बाया, त्यांची गावे, त्यांच्या कामाचे दिवस. आणि हे सर्व जगापुढे मांडण्याआधी त्यांना कोणी विचारले नव्हते. रेंज नसली, सर्व्हर बंद पडला, दुपारचे छायाचित्र चढले नाही, तर केलेल्या कामाची मजुरी अडे. आणि एवढे करून बोगस मस्टर थांबले काय? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कळवावे लागले की प्रणालीवर असंबद्ध छायाचित्रे चढविली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढून लावले जात आहे, एकच मजूर अनेक मस्टरांवर दिसत आहे. आणि उपाय म्हणून गावपातळीवर माणसांनीच ती छायाचित्रे तपासावीत असा आदेश द्यावा लागला. म्हणजे लबाडी करणाऱ्याने वाट काढली आणि प्रामाणिक बाईचा चेहरा मात्र संकेतस्थळावर राहिला.

शहरांतही हेच घडले. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा कळविणारी घड्याळे बांधली. चंडीगडमध्ये तशाच घड्याळांविषयी स्त्री कामगारांनी अशी धास्ती बोलून दाखविली की त्यात कॅमेरा असेल तर आम्ही शौचालयात जायचे कसे. ज्या स्त्रीने पहाटेपासून दुसऱ्यांची घाण उचलावयाची, तिला स्वतःच्या देहधर्माच्या वेळीही कोणाची तरी नजर आपल्यावर आहे असे वाटत राहावे, याहून अधिक अवमान कोणता? २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, त्यामागे निकृष्ट यंत्रांची आणि इंग्रजीतल्या ॲपची तक्रार होती; परंतु साधन आपल्या सोयीचे नसताना ते आपल्यावर लादले जाते ही वेदना दोन्हीकडे सारखीच होती.

कोणी म्हणेल की कामगाराने संमती दिली आहे, मग तक्रार कशाची? संमती म्हणजे नकार देण्याची मोकळीक असताना दिलेला होकार. ज्याच्या नकाराची किंमत आजची मजुरी आहे आणि उद्याची चूल आहे, त्याचा होकार हा शरणागतीचा होकार होय. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने के. एस. पुट्टास्वामी यांच्या प्रकरणात एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि त्या निर्णयातून असे तत्त्व पुढे आले की राज्यसंस्थेला या हक्कात हात घालावयाचा असेल तर त्याला कायद्याचा आधार असावा, उद्देश न्याय्य असावा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात असावा. प्रमाणाची ही कसोटी हजेरी-ॲपला लावून पाहावी. माणूस फाटकाच्या आत आहे की नाही एवढेच कळावयाचे असेल तर तो आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ पुरते. ठिकाणाची खात्री हवीच असेल तर फोन स्वतःच आवाराच्या सीमेत आहे की नाही हे तपासून केवळ होय किंवा नाही एवढे उत्तर पाठवू शकतो; अक्षांश-रेखांश फोनबाहेर जाण्याचे कारणच नाही. तंत्रज्ञानाने हे शक्य आहे आणि ते महागही नाही. तरीही दिवसभराचा माग ठेवला जात असेल, तर त्यामागे हजेरीखेरीज काही निराळा हेतू आहे असाच निष्कर्ष निघतो.

मग कायद्याने काय केले? संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, आणि त्यातील प्रमुख बंधने अठरा महिन्यांनी अमलात यावयाची आहेत. या कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय नागरिकाला दिला पाहिजे असे त्यात आहे. कारण संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधन आहे. कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु याच कायद्याच्या सातव्या कलमात, संमतीवाचून माहिती वापरता येईल अशा कारणांच्या यादीत, नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान किंवा दायित्व टाळण्यासाठी असा एक खंड घातलेला आहे. म्हणजे कामगाराची संमती आता विचारण्याचेही कारण उरले नाही. याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. आपल्याविषयी कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार कायद्याने ज्याने संमती दिली त्यालाच दिला आहे. ज्याची संमतीच घेतली नाही त्याला हा अधिकार नाही. मालकाने नोकरीच्या प्रयोजनाखाली हजेरी घेतली की त्या कामगाराला स्वतःच्या तासांची नक्कल या कायद्याखाली मागता येत नाही. लोखंडे यांच्या निवेदनापासून शंभरहून अधिक वर्षे जो हक्क वाढत आला, तो एका खंडाच्या आडबाजूने माघारी फिरला आहे, आणि ही गोष्ट कामगार संघटनांच्या व्यासपीठांवर अद्याप पुरेशा जोराने मांडली गेलेली नाही याचे मला दुःख होते.

त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातही दुरुस्ती केली आणि वैयक्तिक माहिती म्हटली की ती नाकारण्याचा मार्ग सोपा केला. सार्वजनिक हिताचे दार दुसऱ्या पोटकलमात अद्याप किलकिले आहे, परंतु ते उघडावयाचे की नाही हे माहिती दडविणाऱ्याच्याच विवेकावर सोपविले आहे. रोजगार हमीचे मस्टर चावडीवर वाचून दाखविणे हे गरिबाचे शस्त्र होते. राजस्थानात १९९४ पासून मजुरांनी जनसुनवाया भरवून मस्टरांतील खोटी नावे मोठ्याने वाचली आणि त्या चळवळीतून माहितीचा अधिकार देशाला मिळाला. तेव्हा खासगीपणाचे नाव घेऊन कोणी उद्या मस्टरच झाकून ठेवू लागला तर त्यालाही मी तितकाच विरोध करीन. कोणाला किती दिवस काम मिळाले आणि किती मजुरी दिली हे सार्वजनिक पैशाचे हिशेब आहेत आणि ते गावाला कळलेच पाहिजेत. ती मजूर बाई दुपारी कोठे उभी होती, तिचा चेहरा कसा दिसत होता, कामानंतर ती कोठे गेली, हे हिशेब नव्हेत. उघडे काय आणि झाकलेले काय याची सीमारेषा येथे आखावयाची असताना कायद्याने ती नेमकी उलट आखली आहे.

गरिबाला खासगीपणाचे काय सोयरसुतक, हा विचार शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून मी अनेक वेळा ऐकला आहे, आणि त्याचे उत्तर मला किल्लारीच्या परिसरातील पुनर्वसित वस्त्यांत सापडते. जुन्या गावांत वाडे होते, ओसरी होती, माजघर होते, आतला चौक होता. भूकंपानंतर रेखाटलेल्या नव्या गावांत सरळ रुंद रस्ते आले आणि रस्त्याकडे तोंड करून सुटी सुटी घरे उभी राहिली, ज्यांत दारातून आतले सर्व दिसे. अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे की रस्त्यावरून घरातले सर्व दिसणाऱ्या या रचनेने लोक, विशेषतः स्त्रिया, अस्वस्थ झाले, आणि अनेक कुटुंबांनी पदरमोड करून घराभोवती आडोशाची भिंत घातली. ज्यांनी सर्वस्व गमावले होते, ज्यांनी पत्र्याच्या निवाऱ्यात दिवस काढले होते, त्यांनी हाती पैसा येताच आधी आडोसा उभारला. यावरून खासगीपण ही श्रीमंतांची चैन आहे की मनुष्यमात्राची भूक आहे, याचा निर्णय वाचकाने करावा.

मालकाच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. एकाच्या नावावर दुसऱ्याने हजेरी लावणे, पाळी अर्धी टाकून निघून जाणे, रात्रपाळीत झोपणे, या गोष्टी घडतात आणि त्यांचा भुर्दंड अखेर प्रामाणिक कामगारालाच बसतो; बॉयलरवर माणूस नसेल तर जीवही जातो. यावर उपाय हवा. परंतु उपायाला मर्यादा हवी हे श्रीमंत देशांनीही ओळखले आहे. फ्रान्सच्या विदा-संरक्षण आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनच्या फ्रान्समधील गोदाम कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड केला, कारण गोदामातील कामगाराच्या हातातील स्कॅनर तो किती मिनिटे थांबला, दोन वस्तूंमध्ये किती थोडे सेकंद गेले, हे सतत मोजून साठवीत होता. गोदामात काम चालले आहे की नाही हे पाहण्याचा मालकाचा अधिकार आयोगाने नाकारला नाही. परंतु माणसाला प्रत्येक विसाव्याचे समर्थन द्यावे लागेल अशी व्यवस्था प्रमाणाबाहेर आहे असे त्याने ठरविले.

कित्येक कामगार आता स्वतःच्या उपयोगासाठी पाळ्या आणि ओव्हरटाइम टिपून ठेवणारे ॲप मोबाइलवर घेतात, आणि २४० दिवसांच्या पुराव्याच्या दृष्टीने ती सवय उत्तम आहे. मात्र तेथेही एक पाहून घ्यावे : ती नोंद फोनमध्येच राहते की ॲपवाल्याच्या सर्व्हरवर जाते. जे ॲप खाते उघडल्याशिवाय चालते, ठावठिकाणा मागत नाही आणि नोंदी कागदावर छापून किंवा फाइल म्हणून काढून देते, ते घ्यावे. जे फुकट असून संपर्कयादी मागते, ते टाळावे. आणि ज्याला हे काही जमत नसेल त्याने शाळेच्या वहीत रोजची वेळ, पाळी आणि मुकादमाचे नाव लिहून ठेवावे. न्यायालयात अशी रोजच्या रोज लिहिलेली वही शपथपत्रापेक्षा वजनदार ठरू शकते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता अमलात आल्या आणि जुना कारखाने अधिनियम मोडीत निघाला. नियमांची घडी नव्याने बसत असण्याचा हा काळ आहे, आणि जे आज लिहिले जाईल ते पुढील पिढीला बांधील. महाराष्ट्रातील साखर कामगारांचे वेतन सरकार, कारखाने आणि संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीत ठरते. या समितीपुढे आजवर महागाई भत्ता आला, पगारवाढ आली, परंतु हजेरीची माहिती हा विषय मागणीपत्रकात आला नाही. लातूर-नांदेडच्या संघटनांनी तो पुढल्या मागणीपत्रकात घालावा. मागणी मोठी नाही. हजेरीसाठी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ एवढीच घ्यावी. पाळी संपली की ठावठिकाणा घेणे बंद व्हावे. चेहरा वा ठसा घेतला असेल तर नोकरी किंवा हंगाम संपताच तो नष्ट करून तसे लेखी कळवावे, आणि कंत्राट बदलल्यास ही जबाबदारी मूळ कारखान्याची असावी. रेंज नव्हती किंवा यंत्र बिघडले या कारणाने मजुरी कापू नये. आणि दर महिन्याला प्रत्येक कामगाराला त्याच्या तासांची मराठीतील छापील नक्कल, पूर्वी कार्ड मिळत असे तशी, हातात द्यावी. कारखान्यांच्या संचालक मंडळांना यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण कायद्याने त्यांना अधिक माहिती घेण्याची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. आपल्या जिल्ह्यातील एका तरी सहकारी कारखान्याने या हंगामात हा ठराव करून फाटकावर लावावा, अशी माझी त्या कारखान्यांच्या सभासदांना विनंती आहे.